चित्राची बाजू आत

६ ऑक्टोबर १९८८

मंगळवारी हॉस्पिटलातून आलो, तेव्हापासून घरात तो शब्द कुणी काढलेला नाही. यकृतापर्यंत गेलंय, एवढं दोघांनाही कळलंय. आज मी म्हटलं, क्लासला नको जाऊ या. तर हे म्हणाले, "मग काय करू, घरी बसून तुझं तोंड बघू?" म्हणून गेलो.

लायब्ररीच्या वरच्या खोलीत नेहमीचेच पेन्शनर. या टर्मला विषय चीन. एरवी दिवे मालवले की दुसऱ्या स्लाइडला ह्यांची मान पडते आणि मी कोपर मारते. आज पडली नाही. मिस पार्सन्सनी एक रेशमी चित्र दाखवलं, दोन हजार वर्षांपेक्षा जुनं. हात पसरून वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा आकार. कुणा सरदाराच्या बायकोच्या शवपेटीवर घालून तिच्याबरोबर पुरलेलं. वर स्वर्ग, खाली पाताळ आणि मधोमध ती बाई स्वतः. म्हातारी, काठी टेकून उभी. मागे तीन दासी. प्रवासाला निघालीय.

"आणि हे सापडलं तेव्हा पालथं होतं," मिस पार्सन्स म्हणाल्या. "चित्राची बाजू खाली, तिच्याकडे. आपण पाहावं म्हणून ते कुणी काढलंच नव्हतं."

बसमधून हे क्रॉयडनला उतरताना म्हणाले, "त्या बाईचेही गुडघे दुखत असणार."

१३ ऑक्टोबर

ह्यांनी क्लासमध्ये हात वर करून ती स्लाइड पुन्हा मागितली. तीन वर्षांत पहिल्यांदाच हात वर. मिस पार्सन्सना इतका आनंद झाला की स्वतःचं जाडजूड पुस्तकच दिलं घरी न्यायला. आता ते डायनिंग टेबलावर आहे आणि त्याच्या आसपास मला जॅमची बाटलीही ठेवायची परवानगी नाही. भिंग घेऊन बघतात. वर सूर्यात काळा कावळा, चंद्रात बेडूक. खाली माशांवर उभा राहून एक बुटका माणूस अख्खी पृथ्वी तोलून धरतोय.

"माझ्या मागे तीन बायका काढणार असशील तर माझी हरकत नाही."

मी हसले. मला वाटलं चेष्टा.

१६ ऑक्टोबर

चेष्टा नव्हती. नाश्त्याला म्हणाले, "फ्लोरा, मला असं एक करून दे."

"मला गुलाब काढता येतात फक्त." खरंच आहे. भायखळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर ॲग्नेसनी आम्हा मुलींना रेशमावर रंगवायला शिकवलं ते उशांच्या अभ्र्यांपुरतं. गुलाब, फार तर एखादी चिमणी.

"मग गुलाबापासून सुरुवात कर."

मी उठून धुतलेले कप पुन्हा धुतले. आपल्या ज्यू लोकांत असलं काही नाही. आपल्यात पांढरं कफन, त्याला खिसाही नसतो. गरीब-श्रीमंत सगळे तसेच जातात. हे मी ह्यांना सांगायची गरज नव्हती, ह्यांनीच लेकीला, मिरियमला, लहानपणी शिकवलं होतं. तरी मी बोलून दाखवलं.

"माहितेय मला," म्हणाले. "तरीपण."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही. चहासुद्धा मागत नाहीत, नुसते किचनच्या दारात येऊन उभे राहतात.

२४ ऑक्टोबर

पांढरं चायना सिल्क आणलं. पडद्याच्या लाकडी पट्ट्यांची चौकट करून ताणलं. मदर ॲग्नेस म्हणायच्या, रेशमाला आधी तुरटी आणि जिलेटिनचा हात द्या, नाहीतर रंग पसरतो. सुपरमार्केटमधून जिलेटिनची पाकिटं आणली, कढवलं, रुंद ब्रशने छान हात दिला. वाळत ठेवून गालावर हात टेकून बघत बसले होते, तेवढ्यात हे आले.

"कशाचा वास येतोय?"

सांगितलं. ह्यांनी केराच्या टोपलीतून पाकीट काढून भिंगाने वाचलं. "फ्लोराबाई, डुकराची हाडं. आयुष्यभर बेकनला शिवलो नाही, आणि आता गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळतेस मला?"

इतके हसले की खोकला लागला. पाठ चोळता चोळता मला दोन्ही आलं, हसू आणि दुसरंही. रेशीम टाकून दिलं. आर्ट शॉपमधला माणूस म्हणतो, माशांपासून केलेला सरस मिळतो, मागवून देईन.

८ नोव्हेंबर

हॉस्पिटल. पोटातलं पाणी काढलं. वॉर्डवर एक मराठी रजिस्ट्रार, डॉ. सहस्रबुद्धे, पुण्याचे. फायलीवरचं नाव वाचून उजळले. "पेणकर? म्हणजे पेणचे, गणपतीवाले का?"

"नाही हो. आम्ही तेलवाले. शनिवार तेली."

त्यांना कळेना. मग ह्यांनी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. कुलाबा जिल्ह्यातले आम्ही ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावाने दिलेलं नाव. आजोबांचा नवगावचा घाणा, डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल. डॉक्टर कॉटच्या कडेला बसूनच राहिले. सिस्टर दोनदा डोकावून गेली.

"काका, तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"इथे वापरायला कोण आहे? न झिजता राहिलंय."

१४ नोव्हेंबर

माशाचा सरस आला. भयानक वास. पण रेशीम सुरेख ताठ झालं.

पेन्सिलीने आखणी केली. फर्माइशी चालूच आहेत. खाली पृथ्वी तोलणाऱ्या बुटक्याच्या जागी आजोबा आणि घाणा. मासे चीनचे नकोत, बोंबील आणि सुरमई. वर ड्रॅगन नकोत, रथातून स्वर्गात गेलेल्या आमच्या प्रेषिताचे, एलियाहू हानाबीचे, घोडे. लहानपणी ह्यांना आजोबांनी खडकावरची त्यांच्या टापांची खूण दाखवली होती. त्या बाईपुढे दोघे गुडघे टेकून जेवणाचं तबक धरतात. इथे मलिद्याचं ताट, पोहे, खोबरं, खजूर, वेलची.

"आणि बेडूक?" मी विचारलं.

"बेडूक राहू दे. बेडकाने काय केलंय कुणाचं?"

२० नोव्हेंबर

मिरियम आणि जावई ॲलन रीडिंगहून जेवायला आली. मिरियमने डायनिंग टेबलावरची चौकट पाहिली. पपांचा चेहरा झालाय, काठीवर दोन्ही हात ठेवून, एका बाजूने दिसणारा. तिला ते समजायला एक क्षण लागला.

किचनमध्ये माझ्यावर भडकली. "मम्मी, ही इज स्टिल अलाइव्ह! तू त्याचा टूम्ब पेंट करतेस? डिनर टेबलवर?"

"त्यांनीच सांगितलंय."

"आणि ते अलाउड नाही, पपालाच माहिती आहे ते." मग ओट्याला टेकून रडली. तीस वर्षांची आहे, ब्रॅकनेलला कंप्यूटरच्या कंपनीत दहा माणसं तिच्या हाताखाली आहेत. माझ्या खांद्यावर डोकं ठेवायला तिला आता वाकावं लागतं.

जाताना चौकटीपाशी थांबली. खाली शोक करणारी माणसं बसलीत, त्यात एक मी, एक ती. "माझा नाक एवढा मोठा आहे?"

"पपांचंच आहे ते," हे आतून ओरडले.

२९ नोव्हेंबर

दुपारी मी घोड्यांच्या आयाळीत होते. हे खुर्चीत. मला वाटलं डोळा लागलाय.

"रूथीला कुठे घेशील?"

ब्रश रेशमावर टेकू नये म्हणून हात वर उचलला तो तसाच राहिला.

रूथी आमची पहिली. घटसर्पाने गेली, पाच वर्षांची, मुंबईत, चोपन्न साली. मिरियम नंतरची. त्रेसष्टमध्ये इंग्लंडला यायच्या बोटीत बसायच्या आदल्या दिवशी दोघं दफनभूमीत जाऊन आलो, त्यानंतर आम्ही एकमेकांसमोर तिचं नाव घेतलेलं नाही. ठरवून नव्हे. आधी मी घेतलं नाही म्हणून ह्यांनी घेतलं नाही, मग उलट.

"तिला तिथे एकटीला ठेवून आलो आपण," म्हणाले. "ते माझ्या डोक्यातून जात नाही. चित्रात असली की मला तिच्याकडे जाता येईल."

म्हणजे आजवर हे सगळं घाणा, बोंबील, बेडूक, ते या एका प्रश्नापर्यंत यायला.

११ डिसेंबर

जागा ठरली. स्वर्गाच्या दारात. तिथे मूळ चित्रात दोन पहारेकरी बसलेत. त्यांच्या जागी ती एकटी, ह्यांच्याकडे बघत.

पण भांडण झालं. मी म्हटलं, ती आता एकोणचाळीसची असती. तशी काढते, मोठी, साडीत. मिरियमपेक्षा मोठी.

"नाही. पाचचीच. मोठी काढलीस तर मी ओळखणार कसा?"

"आणि ती? ती तुम्हाला कशी ओळखेल? तेहतीस वर्षांचे होतात तुम्ही, डोक्यावर केस होते."

"ती ओळखेल."

"म्हणजे ती तिथे पाचचीच राहिली? इतकी वर्षं?"

"तिथे वय वाढत नसेल गं. वाढदिवस कोण करणार तिचे?"

मी उठून मागच्या बागेत गेले. दोरीवरचे कपडे गारठून कडक झाले होते. तेच काढत बसले.

९ जानेवारी १९८९

फोटो एकच आहे आणि त्यात ती हलली आहे. फ्रॉक स्पष्ट, बूट स्पष्ट, चेहऱ्याच्या जागी पांढरट धूर.

रोज कागदावर काढून बघते. येत नाही. कधी मिरियम येते, कधी कुठलीच नाही, बिस्किटाच्या डब्यावरची मुलगी. हे सांगतात, केस कपाळावर कापलेले होते. मी म्हणते, नाही, मधोमध भांग. हे म्हणतात डावी भुवई तोकडी. त्यावर मात्र दोघांचं एकमत.

आईला आठवू नये? हे कसलं डोकं? कॉन्व्हेंटमधल्या सगळ्या प्रार्थना पाठ आहेत, ज्या आमच्या नव्हेतच.

२३ जानेवारी

ह्यांचं जेवण जवळजवळ बंद. सूप, तेही अर्धी वाटी. डोळे हळदीसारखे. आता वरच्या मजल्यावर जाता येत नाही, पलंग खाली आणलाय, डायनिंग टेबलासमोर. तिथूनच माझ्यावर देखरेख.

"घोड्याचा मागचा पाय लंगडा आहे."

"तो पळतोय."

"लंगडत पळतोय."

२ फेब्रुवारी

आली.

सकाळी, चहाच्या आधी. काही विचार न करता खालचा ओठ काढला, दाताखाली दाबलेला, चपला उलट्या घातल्यात हे माहीत असताना ती दाबायची तसा. आणि मग बाकीची आपोआप. डोळे. तोकडी भुवई. भांग मधोमधच, पण बटा कपाळावर आलेल्या. म्हणजे दोघांचंही खरं होतं.

पाचचीच काढली. मी काढली नाही, ती तशीच आली.

चहा राहिला. मी तिथे किती वेळ बसले होते कळलं नाही. रूथी, रूथी, रूथी.

१४ फेब्रुवारी

हे परत हॉस्पिटलात, आता घरी येणार नाहीत असं डॉ. सहस्रबुद्ध्यांनी मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. मराठीत सांगितलं. इंग्लिशमध्ये सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

चित्र चौकटीवरून काढून, गुंडाळून घेऊन गेले. पडदे ओढून पलंगावर पसरलं. ह्यांनी काही बोलायच्या आधी तिच्याकडे बघितलं. खूप वेळ. मग बोटाच्या मागच्या बाजूने तिच्या गालाला हात लावला. ताप बघायला लावायचे तसा.

"हीच."

मग घाणा, बोंबील, बेडूक, सगळ्यांची हजेरी घेतली. घोडा लंगडाच आहे म्हणाले.

"बास. आता माझ्याबरोबर दे. त्या बाईसारखं, पालथं. रूथीचं तोंड माझ्याकडे."

"देईन."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

२१ फेब्रुवारी

सिनेगॉगचे रेव्हरंड गोल्डमन भेटायला आले. ह्यांनी मला त्यांच्याशी बोलायला लावलं. आम्ही तिथे आधीच सगळ्यांत सावळे, त्यात हे असलं मागणं. कोणाला वाटायचं इंडियाचं काहीतरी खूळ.

रेव्हरंडनी चित्र पाहायला मागितलं नाही. चष्मा काढून पुसत बसले. "मिसेस पेणकर, कायदा तुम्हाला माहीत आहे. सगळे सारखे जातात. सोबत काही नाही. चित्र तर नाहीच."

"हो."

"प्रार्थनेची शाल मात्र जाते. पुष्कळांची रेशमी असते." पुन्हा चष्मा पुसला. "शालीला आतून अस्तर असलं, साधी बाजू बाहेर, चित्राची... दुसरी बाजू आत, तर शेवटची आंघोळ घालणारे आमचे मिस्टर कान ते उसवून बघणार नाहीत. आणि माझी नजर बरीच अधू आहे."

हे पलंगावरून म्हणाले, "रेव्हरंड, चष्मा फार छान पुसता तुम्ही."

सगळं मिळालं ह्यांना. मागितलं तसं.

५ मार्च

शालीला अस्तर लावून ठेवलं. चित्राची बाजू आत. टाके सैल, सहज निघतील असे. असे का घातले, विचारू नये.

मिरियम रोज येते. पपाशी मराठीतच बोलायचं असं तिने ठरवलंय. "पपा, तुला उशी पाहिजे का? पाणी पाहिजे का? मी इथेच बसली आहे." चित्रात रूथी आहे, हे ह्यांनीच तिला सांगितलं.

९ मार्च

गेले. पहाटे. मिरियमचा हात हातात होता, माझा कपाळावर. शेवटचं समजेलसं काल दुपारी बोलले, सिस्टरला, इंग्लिशमध्ये. "थँक यू, दॅट्स प्लेंटी." सूपबद्दल.

१० मार्च

आज शुक्रवार, संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत दफन व्हायला हवं म्हणून सकाळीच. ॲलनने दफनभूमीपाशी सोडलं, गाडीत थांबला. मी एकटी आत गेले, पिशवीत शाल.

दाराशीच एक बाक होता. तिथे बसून मी टाके काढले. चार-पाच ओढले की अस्तर हातात आलं. मी काय करतेय हे हाताला माहीत होतं, मला नव्हतं. नाही, मलाही होतं. काल रात्री शेवटचं बघावं म्हणून टोक उचललं, तिचा ओठ दिसला, आणि तेव्हाच.

मिस्टर कान बाहेर आले. म्हातारे, हात ओले. शाल घेतली. "एनिथिंग एल्स, माय डिअर?"

चित्र पिशवीत माझ्या मांडीवर होतं.

"नो," मी म्हटलं. "दॅट्स ऑल."

एकदा माती घातलीय मी तिच्यावर. पुन्हा नाही घालवली.

१६ मार्च

सात दिवस संपले. जमिनीवरच्या उशा उचलल्या, आरशांवरच्या चादरी काढल्या. लोक येऊन गेले, अंडी, बेगल, केक. मुंबईहून आलेली आमची दोन-तीन घरं आली, त्यांनी सब्जाचं रोपटं आणलं, वास घ्यायला. तेवढाच वास ओळखीचा.

मिरियम भांडी पुसता पुसता म्हणाली, "मम्मी, आय वॉज राँग. बरं झालं ते पेंटिंग पपाबरोबर गेला. त्याला रूथी भेटली असेल ना?"

मी नळ सोडला, मोठा.

३० एप्रिल

चित्र बेडरूममध्ये कपाटाच्या दाराला आतून टाचलंय. दार उघडलं की ती.

पहिले काही दिवस खरंच असं वाटलं की घरात कुणीतरी आहे. बोलायचे तिच्याशी. कोणता फ्रॉक, शाळा, सगळं. मग आज लक्षात आलं. कुठेही उभी राहिले तरी ती माझ्याकडे बघत नाही. डावीकडून बघा, उजवीकडून बघा. तिची नजर खाली, मधोमध, काठी टेकून उभ्या असलेल्या माणसाकडे. मीच तशी लावली. ह्यांना हवी होती तशी.

आणि हे तिच्याकडे निघालेत. एक पाऊल पुढे. ते पाऊल टेकत नाही.

माझं चित्र खाली आहे, शोक करणाऱ्यांत. पाठ वळवून.

१२ जून

पुन्हा क्लासला गेले. मिस पार्सन्सनी मिठी मारली, इथे असं फारसं करत नाहीत. पुस्तक परत केलं. चहाच्या वेळी म्हणाल्या, "खरं सांगू? ती स्लाइड दाखवताना दरवेळी मला थोडी लाज वाटते. कुणाचंतरी पांघरूण ओढून घेतल्यासारखी."

मी बिस्किट बशीत परत ठेवलं. त्यांना कसं कळणार. त्या सहज बोलल्या.

४ सप्टेंबर

ह्यांना आता कसं वाटत असेल? आहेत की नाहीत ते मला माहीत नाही. रेव्हरंडना विचारलं तर तेही चष्मा पुसतील. पण असलेच, तर वाट बघत असतील. हात लावून लावून बघत असतील, शाल नुसतीच. "नक्की?" "नक्की म्हटलं ना."

भांडावं तर समोर माणूस नाही. ह्यांनी मला एकदा तरी विचारायला हवं होतं, तुला चालेल ना. चाळीस वर्षांत एकच गोष्ट मागितली आणि तीही माझ्या मुलीला घेऊन जायची. मला सोडून दोघांनी जायचं.

हे लिहिलं आणि वाईट वाटलं. राहू दे. मिरियमला मराठी वाचता येत नाही.

११ फेब्रुवारी १९९०

आज थडग्याचा दगड बसवला. थंडी, वारा, प्रार्थनेची पुस्तकं फडफडत होती. दगडावर ह्यांचं नाव हिब्रूत आणि इंग्लिशमध्ये. शेजारची जागा मोकळी, माझी.

नंतर रेव्हरंड गोल्डमन माझ्याबरोबर गेटपर्यंत चालत आले. मीच विषय काढला, गोल गोल. म्हटलं, एखाद्याने काही द्यायचं कबूल केलं आणि त्या वेळी राहून गेलं, तर नंतर...

"उघडता येत नाही, मिसेस पेणकर."

"नाही, मी सहजच."

थोडं चालल्यावर म्हणाले, "मिस्टर कान म्हणाले होते मला. त्या दिवशी नुसती शाल आली, अस्तर नव्हतं." चष्म्याला हात लावला नाही. सरळ माझ्याकडे बघितलं. "मी विचारलं नाही. आताही विचारत नाही. पण तुमचं स्वतःचं अजून बाकी आहे. शेजारीच जागा आहे."

म्हणजे मी न्यावं. मी जाईन तेव्हा. आणि ते ठेवणार कोण? मिरियम. तिला सांगावं लागेल.

२० फेब्रुवारी

मिरियमचा फोन. दगडाचे फोटो धुऊन आलेत, रविवारी घेऊन येते. मग इंग्लिशमध्येच, हळू: त्या पेंटिंगचा एक फोटो घ्यायला हवा होता. त्या दिवशी मी स्वतःचं नाक बघत बसले. तेव्हा रूथी काढलेली नव्हती. नंतर मी बघितलंच नाही. मला माहीतच नाही ती कशी दिसायची.

"तुझ्यासारखीच होती का गं थोडी?" मी उगाच उलट विचारलं.

"मला काय माहिती, मम्मी? तूच सांग ना."

सांगितलं तर तिची बहीण तिला मिळेल. आणि तिची आई कशी आहे तेही कळेल. मरणाऱ्या बापाला दिलेला शब्द, त्याच्याच शालीतून उसवून काढला. ती बापाची मुलगी आहे, नाकापासून.

नाही सांगितलं तर हे तिकडे तसेच. मी गेल्यावर ती कपाट आवरेल आणि तिला एकटीलाच सापडेल.

२५ फेब्रुवारी

सकाळपासून तीनदा काढलं आणि तीनदा आत ठेवलं. एकदा उशीच्या अभ्र्यात घातलं. मग तेही बरं दिसेना.

आता डायनिंग टेबलावर पसरलंय, चारी कोपऱ्यांना चार कप ठेवून, चित्राची बाजू वर. घड्या पडल्यात थोड्या, घोड्याच्या पोटावर एक. रूथीवर नाही.

मिरियमला काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. "तुझी बहीण" असं म्हणावं, की "पपांचं" असं, की आधी "माझं चुकलं". चुकलं असं मला अजूनही पूर्ण वाटत नाही, हीच तर पंचाईत.

बाहेर गाडी थांबली. ॲलन काहीतरी बोलतोय, ती हसतेय. टेबलक्लॉथ खुर्चीवर आहे, हाताशी. अजून झाकता येईल, पण...